वाघोबांचा हरभरा

वाघ हरणामागे धावून दमायचे, त्या काळची गोष्ट. एका म्हाताऱ्या वाघोबांना फारच धाप लागू लागली, तेव्हा त्यांनी ठरवलं, की हरणांच्या आवडीचं काहीतरी पेरायचं आणि बसल्या जागी जेवायचं. नदीपलीकडच्या हरिणीलाच त्यांनी विचारलं, "काय पेरू?"

"हरभरा पेरा," ती म्हणाली. "पण राखण स्वतः करा हं."

वाघोबांनी पेरलं, निंदलं, रानडुकरं हाकलून हाकलून घसा बसवून घेतला. घाटे भरले आणि हरणांचा कळप शेतात शिरला. उपाशी वाघोबा बांधावरून ओरडले, "हुर्र! हुर्र! निघा आधी माझ्या हरभऱ्यातून!"

हरणं पसार झाली. मोडलेलं रोप सरळ करत वाघोबा पलीकडे पाहून म्हणाले, "हरिणीबाई, पोरांना जरा वळण लावा!"