पांढरीच्या टेकाडावरचं व्याख्यान

जांभूळवेढे गावाच्या इतिहास मंडळानं दर महिन्याला एक व्याख्यान आणि एक सहल ठरवली. पहिलंच व्याख्यान मडकी घडवणाऱ्या हौसाबाई कुंभारांचं आहे, हे कळताच गावचं बडं प्रस्थ रंगराव इनामदार भर सभेत भडकले. "इतिहास पराक्रमाचा असतो, मडक्यांचा नव्हे! बाईंचं नाव खोडा, मी बोलतो."

हौसाबाई मात्र हसून म्हणाल्या, "सरकार, जुनं गाव पांढरीच्या टेकाडात गाडलं गेलंय. आजची सहल तिथंच आहे. ज्याच्या पूर्वजांची खूण आधी सापडेल, त्यानं बोलावं."

"कबूल!"

टेकाडावर रंगरावांनी धोतर सावरत काठीनं तासभर माती उकरली. तलवार राहू द्या, साधं नाणंही निघेना. अखेर काहीतरी लालसर दिसलं. त्यांनी ते उचलून हात उंचावला. "सापडलं!"

ते मडक्याचं खापर होतं.

हौसाबाईंनी ओंजळ पुढं केली. "द्या इकडं, सरकार. माझ्या खापरपणज्याचं आहे ते!"

आधी मंडळी हसली, मग खुद्द रंगरावही पोट धरून हसू लागले. "बोला बाई," म्हणत त्यांनी तिथंच मातीत, अगदी पुढं, मांडी ठोकली.