बांधावरची मधली जागा

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. खाडीच्या बांधावर दोन वाड्यांच्या मध्ये जी जागा आहे, तिथे काय ऐकू येतं ते आमच्याकडे कोणी कोणाला सांगत नाही. काकूने मला हाताला धरून तसं बजावलं होतं. तरी लिहिते आहे.

फार पूर्वी या खाडीकाठी एक वृद्ध गुरुजी राहत असत. जनार्दन नावाचा त्यांचा एक शिष्य होता, हुशार आणि कष्टाळू. त्या काळी समुद्राचं वागणं बदललं होतं. उधाण दरवर्षी थोडं अधिक वर चढे आणि खारं पाणी बांधाच्या माथ्याशी येऊन थांबे. राजाने हुकूम काढला, की किनाऱ्यावरच्या गावांनी पुढच्या पाण्याची तयारी आजच करावी. या खाडीचा आराखडा करायचं काम जनार्दनाकडे आलं.

त्याने ते मनापासून केलं. बांधाचा अर्धा भाग वरच्या वाडीकडे होता, अर्धा खालच्या वाडीकडे. उन्हाळाभर दोन्ही वाड्यांनी माती वाहिली, दगड बसवले, बांध उंच केला. शेवटी जनार्दनाने वरच्या वाडीचे प्रमुख दौलत गावकर यांना विचारलं, "तुमचं काम झालं?"

"झालं. हवा तर बैल चालवून बघ वरून."

खालच्या वाडीचा भिवा तांडेल म्हणाला, "आमचं केव्हाच झालं. गावकर अजून दगड शोधत होते तेव्हा."

जनार्दन समाधानाने गुरुजींकडे गेला. बांधाच्या आतल्या अंगाला, अगदी खाली, त्याच्या धाकट्या बहिणीचं, येसूचं घर होतं. ती नुकतीच बाळंत झाली होती. आता तिला धोका नाही, असं त्याला वाटत होतं.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दोघांच्या मध्ये काय आहे?"

"मध्ये राखणदार आहे, गुरुजी."

दोन वाड्यांच्या सीमेवरची ती जागा बांधाच्या राखणदाराची मानत. तिथे कोणी पाय ठेवत नसे, मग कुदळ चालवणं दूरच राहिलं. दर अमावास्येला दोन्ही वाड्यांची माणसं लांबूनच तिथे नारळ टाकत आणि मागे न बघता परतत. दुसऱ्या दिवशी नारळ दिसत नसे. आणि भर दुपारी भरती चढू लागली, की त्या जागेतून श्वास ऐकू येई. लांब, गार, कोणीतरी झोपेत सोडावा तसा. येसूच्या घरात तो स्पष्ट पोहोचे. "बाळ त्याला घाबरत नाही, दादा," ती म्हणाली होती. "रडता रडता थांबतं आणि तिकडे बघत राहतं."

अमावास्येच्या सकाळी खाडी ओसरलेली असताना गुरुजी कुदळ घेऊन निघाले आणि थेट त्या जागेवर त्यांनी घाव घातला.

जनार्दन धावत आला. "गुरुजी, दुपारी उधाण आहे. खाली माझी बहीण आहे."

"म्हणून तर सकाळी आलो," गुरुजी म्हणाले आणि खणत राहिले.

दोन्हीकडून माणसं जमली. "म्हाताऱ्याला त्याने धरलं," कोणीतरी पुटपुटलं. पण पुढे यायला कोणी धजेना. कुदळ मातीत शिरत होती आणि भरीव मातीचा आवाज येत नव्हता. मग वरचं गवत एकदम खचलं आणि आतली गार हवा सगळ्यांच्या तोंडावर आली. बांध आतून पोकळ होता. माणूस बसेल एवढी काळी पोकळी, तिच्या भिंतींत कुर्ल्यांची, खाडीतल्या खेकड्यांची, बिळंच बिळं, आणि बिळाबिळांतून बाहेर बघणारे बारीक डोळे. तळाशी, गवताआडच्या भगदाडातून घरंगळलेले नारळ पडले होते. कित्येक वर्षांचे, कुजलेले, काहींना कुंकू अजून लागलेलं.

"बुजवा," गुरुजी म्हणाले.

दौलत गावकर मागे सरले. "ती जागा आमची नाही."

"आमची तर नाहीच नाही," तांडेल म्हणाला. "एवढं भोक आम्ही जाळ्यालासुद्धा ठेवत नाही. पण इथे हात घालायचा कोणी?"

गुरुजींनी कुदळ खाली ठेवली. ते पोकळीत उतरले आणि मांडी घालून बसले. "मग मी बसतो. जागा कोणाची तरी असू दे."

तोवर पाणी वळलं होतं. चिखलावरून ते आवाज न करता येत होतं. हळूहळू बिळांतून श्वास सुरू झाला आणि गुरुजींचे पांढरे केस त्या वाऱ्याने हलू लागले. बांधावरून त्याला येसूचं अंगण दिसत होतं, तिथे वाळत घातलेली बाळाची दुपटी दिसत होती. त्याने मातीचं घमेलं उचललं आणि तो गुरुजींशेजारी उतरला.

त्याच्यामागून तांडेल उतरला. तांडेल उतरला म्हणून गावकरही उतरले.

"आपापल्या बाजूला माती टाकू नका," गुरुजी म्हणाले. "वरच्या वाडीने खालच्यांच्या हद्दीत शिरून भरावं, खालच्यांनी वरच्यांच्या. सांधा दिसता कामा नये."

दुपारी पाणी बांधाच्या माथ्याला टेकलं. श्वास आला नाही. इतक्या वर्षांचा तो आवाज थांबला, तशी खालच्या घरात येसूचं बाळ दचकून रडू लागलं.

पाणी उतरल्यावर जनार्दन म्हणाला, "गुरुजी, दोघांनीही मला खरंच सांगितलं होतं."

"खरंच सांगितलं. तू प्रत्येकाला त्याच्या कामाबद्दल विचारलंस, म्हणून तुझा आराखडा तुला पुरा दिसला. पाणी मात्र दोन पुऱ्या कामांच्या मधून येतं. ती जागा रोज सांगत होती, की मी पोकळ आहे. तुम्ही तिला नारळ दिलेत, माती दिली नाहीत."

जनार्दनाने विचारलं, "म्हणजे राखणदार नव्हताच?"

गुरुजींनी चिखलाने माखलेल्या गावकरांकडे आणि तांडेलाकडे पाहिलं. "आज सकाळपर्यंत नव्हता," ते म्हणाले.

तेव्हापासून दर अमावास्येला भरतीच्या वेळी दोन्ही वाड्यांतलं एकेक माणूस त्या जागेला कान लावतं. पुढे कधीतरी ऐकलेलं सांगायची पद्धत मोडली. कान लावायचा, नमस्कार करायचा, घरी यायचं. समुद्र हल्ली पुन्हा वर चढतो आहे आणि त्याच्या तयारीचे आराखडे मोठमोठ्या कार्यालयांत होतात. पाण्याचं खातं वेगळं, शेतीचं वेगळं, घरांचं वेगळं. त्यांच्या मधल्या जागेला कान कोण लावतं आणि ऐकलेलं कोणाला सांगतं, एवढंच मला विचारावंसं वाटतं.

आज आमच्या घराची पाळी होती. दुपारी मी बांधावर आडवी होऊन कान टेकवला. आधी काहीच नव्हतं. मग फार खोलातून, झोपेत सोडावा तसा तो श्वास आला. मी घरी येऊन काकूला सांगितलं. ती चप्पल न घालताच दोन्ही वाड्यांत सांगायला गेली. ओहोटी लागली की खणायचं ठरलं आहे. तोवर हे लिहून

"चारू, पाणी उतरलं गं. घमेलं घे आणि चल."

येते, काकू. एवढंच लिहायचं राहिलं, की कान लावला तेव्हा त्या श्वासाच्याही मागून मला अजून एक श्वास ऐकू आला.