हरळीची परी

ऊन इतकं की पाखरांनीसुद्धा बोलणं सोडलं होतं, अशा वऱ्हाडातल्या एका गावी शेवू नावाची नऊ वर्षांची मुलगी राहायची. पिवळ्या बंगल्याच्या मागं तिची नि तिच्या मायची एकच खोली होती. माय बंगल्याची बाग राखायची, म्हणून ती खोली. चैत्र लागला, मायला ऊन लागलं, ती अंथरुणाला खिळली. बागेची झारी शेवूच्या हातात आली. ती झारी भरली की शेवूपेक्षा जड व्हायची.

बागेत मोगरा होता, गुलाब होते. पण बंगल्याच्या कमलिनीबाईंचा जीव होता समोरच्या लॉनवर. शहरातून गादीसारखे तुकडे आणून अंथरलेलं मऊमऊ गवत. आता ते भाजलेल्या पापडासारखं झालं होतं.

"अक्षय्य तृतीयेला या लॉनवर मुलीचा साखरपुडा आहे," बाई म्हणाल्या. "तोवर हिरवं झालं नाही, तर मला दुसरा माळी बघावा लागेल. आणि माळ्याला खोली द्यावी लागते. समजतंय ना, शेवू?"

शेवूला समजलं. ती दिवसातून चारदा पाणी शिंपडायची, भर दुपारीसुद्धा. पाणी मातीला टेकतं न टेकतं तोच उडून जायचं. उरल्या वेळात खुरपं घेऊन लॉनमध्ये घुसलेली हरळ उपटायची. शेतकऱ्याघरची पोर, हरळ दिसली की मुळासकट काढायची, हे तिला बोलता यायच्या आधीच आज्यानं शिकवलेलं. भिंतीशी हरळीचा ढीग झाला. तळहातांना फोड आले. जेवायला बसली की घास हातातच राहायचा आणि डोळे मिटायचे.

एका पहाटे ती ढिगाशी टेकली. वाळल्या हरळीत एक इवलंसं हिरवं टोक अजून उभं होतं. शेवूच्या तांब्यात स्वतःपुरतं घोटभर पाणी उरलं होतं. ते तिनं त्या टोकावर ओतलं.

"तू तरी मरू नको बाई," ती म्हणाली.

टोक थरथरलं, आणि त्यातून बोटाएवढी परी बाहेर आली. तिचे पंख कांद्याच्या पापुद्र्यासारखे झिरझिरीत होते. त्यांवर पोपटी, निळे, सोनेरी कण लुकलुकत होते. पण केसांत माती आणि झग्यावर धूळ.

"आधी बसू दे," परी म्हणाली. "फार दमलेय. पंधरा दिवस उपटतेयस मला."

"तुले? मी तं हरळ उपटून राहिली होती."

"तीच मी. हरळीची परी."

शेवूनं कान पकडले.

"राहू दे, लेकरा. पाणी दिलंस ना. तीन इच्छा माग. पण सूर्य कुंपणावर यायच्या आत मागायची. एका दिवशी एकच. कुणाचं हिसकून मागायचं नाही. आणि अर्धं काम माझं, अर्धं तुझं."

"परी असून अर्धंच?"

"माझेही हात दुखतात गं."

शेवूनं आधी मायसाठी मागितलं. परीनं पंख हलवले आणि वाळ्याच्या वासाची गार झुळूक खोलीत शिरली. बाकीचं अर्धं शेवूनं केलं. कैरीचं पन्हं पाजलं, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. संध्याकाळी माय उठून बसली आणि तिनं भाकर मागितली.

दुसऱ्या पहाटे शेवू म्हणाली, "बाईंचं लॉन हिरवं कर."

परीनं गवताला हात लावून पाहिला. "ते मेलंय. ते या उन्हाचं नव्हतंच. पण तुझा ढीग अजून जिवंत आहे. हरळीची एकेक गाठ मातीत खोच. ती जीव धरेपर्यंत रोज पहाटे पाणी दे. नंतर तीन दिवसांआड, पण वीतभर माती भिजेपर्यंत. वरवर शिंपडलं की मुळं वर येतात आणि भाजतात. कापशील तेव्हा उंच काप, कापलेलं तिथंच पडू दे. मातीला तेवढीच सावली."

शेवू गाठी खोचत गेली. मागून परी एकेका गाठीवर पाय ठेवत चालली. तिथं तिथं चिमुकली हिरवी ठिणगी चमकायची. दोघींची कंबर मोडली. चार दिवसांनी माय भिंत धरत बाहेर आली.

"अवं, लोकं हरळ उपटून फेकतात अन् ही पोरगी लावून राहिली."

"आज्याले सांगू नको, माय."

माय हसली, खाली बसली आणि तीही गाठी खोचू लागली.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी अंगण हिरवंगार होतं. कमलिनीबाई रेशमी साडी सावरत आल्या, वाकल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"शेवू, ही तर हरळ आहे. माझं लॉन कुठंय?"

मायनं शेवूचा हात घट्ट धरला.

"ते मेलं, बाई," शेवू म्हणाली. "लय पाणी घातलं, तरी मेलं. मग मी हे लावलं."

बाई काही बोलणार, तोच गुरुजी पायरीवर आले. "बाई, गणपतीला दूर्वा हव्यात. सगळा बाजार पालथा घातला, एक हिरवी जुडी मिळाली नाही." मग त्यांनी खाली पाहिलं. "अहो, तुम्ही तर दूर्वांवरच उभ्या आहात. चपला काढा आधी."

बाईंनी चपला काढल्या. अनवाणी पायांना गारवा लागला आणि त्या जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"खोली तुमचीच," त्या हळूच म्हणाल्या. "मी असेपर्यंत कुणी उठवणार नाही."

दुसऱ्या पहाटे परी पात्यावर बसली होती. पंख थकून खाली झुकलेले. "शेवटची इच्छा, शेवू. घर माग, बांगड्या माग."

शेवूनं तिच्याकडे पाहिलं. "तुले सुट्टी भेटो. बस, एवढंच."

परीनं मान वर केली. "हे मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. "मग तूही आज झारीला हात लावायचा नाहीस."

तिनं पंख उघडले. पोपटी, सोनेरी, गुलाबी उजेड पात्यापात्यांतून पसरत कुंपणापर्यंत गेला, आणि त्या उजेडातच ती विरघळली. मागं राहिलं दव. उन्हाळ्यात कुणी पाहिलं नसेल इतकं, मोत्यांसारखं टपोरं.

माय झारी घेऊन आली तेव्हा शेवू त्या ओल्या हिरवळीवर हातपाय पसरून झोपली होती. मायनं झारी आवाज न करता खाली ठेवली. ऊन शेवूच्या तोंडावर येत होतं. माय तिच्या अंगाशी बसली, पदर उन्हाकडे धरला आणि लेक उठेपर्यंत हलली नाही.