सापळ्याच्या तोंडावरचे जाळे

मक्याच्या एका रानात एक कोळीण राहत असे. बाळांनो, जाळे विणण्यात तिचा हात धरणारे त्या रानात कोणी नव्हते. पण कष्टाचे नाव काढले की बाईसाहेबांच्या कपाळाला आठ्या पडत. तिने मक्याच्या एका ताटावर, पानामागे, आपल्या अंड्यांची रेशमी पिशवी चिकटवली होती. पिल्ले बाहेर येईपर्यंत ते ताट उभे राहावे, एवढी एकच काळजी तिला होती.

त्या साली परमुलखातून एक नवीच कीड आली होती. तिच्या अळ्या मक्याच्या पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत शिरत आणि आतून पीक फस्त करीत. म्हणून रानाची मालकीण तानूबाई हिने एक कामगंध सापळा टांगला. वर झाकण, झाकणाखाली मादी पतंगासारखा वास सोडणारी गोळी, तिच्याखाली नरसाळे आणि तळाशी प्लास्टिकची पिशवी. वासाला भुलून नर पतंग येत आणि नरसाळ्यातून खाली पडत. रोज सकाळी तानूबाई पिशवी न्याहाळी. पिशवीत पतंग दिसू लागले, की कीड रानात शिरली असे समजून फवारणीला लागायचे, असे तिने ठरवले होते.

कोळिणीने हा सगळा प्रकार पाहिला आणि तिच्या तोंडाला पाणी सुटले. "इथे तर पाहुणे स्वतःच्या पायांनी घरी येतात!" असे म्हणून तिने झाकणाखाली, नरसाळ्याच्या तोंडावरच जाळे ताणले. आता पतंग येत ते थेट जाळ्यात. कोळीण त्यांना खाई, पंख वाऱ्यावर सोडून देई आणि सुस्त पडून राही. सकाळी तानूबाई येई, पिशवी हलवून बघे आणि शेजारच्या वाफ्यातल्या जावेला हाक मारून सांगे, "आजबी रिकामीच हाय गं! आपल्या रानात कीड न्हाई आली. फवारून उगा औषिद कशाला घालवायचं?" झाकण उचलून पाहावे, हे त्या भोळ्या बाईच्या मनात एकदाही आले नाही.

एके दिवशी एक मुंगी धापा टाकीत सापळ्यावर चढली. दिवसभर ताटाताटावर फिरणारी ती. तिला सगळे दिसत होते. ती म्हणाली, "कोळीणमावशी, हे जाळे इथून काढ. पानापानांवर अंड्यांचे पुंजके दिसतायत. पोंग्यांतून भुशासारखी घाण पडायला लागलीय."

"मग मी काय करतेय?" कोळीण फणकारली. "एकूण एक पतंग खाते की! बाईने माझे उपकार मानायला हवेत."

"तू खातेस ते नर. त्यांच्या माद्या या वासाला येत नाहीत, त्या पिकात फिरून अंडी घालतात. पिशवीत नर दिसले असते, तर बाई वेळेवर जागी झाली असती. तुझीही पिल्ले याच रानात आहेत ना?"

पिल्लांचे नाव निघताच कोळीण जरा चरकली. जाळ्याच्या एका धाग्याला तिने पायही लावला. तेवढ्यात गुबगुबीत पतंग फडफडत जाळ्यात आला आणि ती म्हणाली, "बघू उद्या." मुंगी खाली उतरली.

तो उद्या कधी उजाडलाच नाही. बघता बघता पाने चाळणीसारखी झाली, पोंगे कुजले, कणसे धरण्याआधीच ताटे खुंटली. तानूबाईने एक पोंगा उकलला. आत गलेलठ्ठ अळी वळवळत होती.  मग तिने सापळ्याचे झाकण उचलले आणि कपाळावर हात मारला. "अगं बया! पतंग तर हितं गुंडाळून ठिवल्यात, आन् मी खालची पिशवी बघत बसले!" पण आता फवारून काय उपयोग? निदान गुरांच्या तोंडी तरी पडावे, म्हणून दोघी जावांनी विळे घेतले आणि उभे रान कापायला घेतले.

विळ्याचा आवाज ऐकताच कोळिणीला पिल्ले आठवली. आयुष्यात धावली नव्हती इतक्या वेगाने ती आपल्या ताटाकडे धावली. पण तिथे बुडखा तेवढा उरला होता. पलीकडे कापलेल्या ताटांचा ढीग पडला होता. ती एका ताटावरून दुसऱ्यावर, एका पानामागून दुसऱ्या पानामागे शोधत राहिली. सगळी पाने सारखीच खाल्लेली, सारखीच फाटलेली. मुंगीही तिच्याबरोबर शोधू लागली. तेवढ्यात तानूबाईने ढिगाचे भारे बांधले आणि एकेक करून गोठ्याकडे नेले. कोणत्या भाऱ्यात आपली पिल्ले गेली, हेसुद्धा त्या आईला कळले नाही.

तात्पर्य : सर्वांना संकटाची खबर देणारे तोंड जो आपल्या पोटासाठी बंद करतो, त्याचे घरही त्याच संकटात बुडते.