जीर्ण लुगड्याचा पदर

“बाई, शेजारच्या घरातून रडू ऐकू येतंय, तोवर धीर असतो. ते थांबलं, की मात्र उठून बघून यावं,” असं भोळेगिरी महाराज मथुराबाईंना म्हणाले होते. मथुराबाईंनी हात जोडले, मान डोलावली आणि मठीची पायरी उतरताच विसरून गेल्या. दारात माग आणि घरात लग्न असलेल्या बाईला साधूचं बोलणं कुठवर पुरणार!

महाराज त्या वर्षी गोदाकाठच्या कासारखेड्यात मुक्कामाला होते. गाव पैठणी विणणाऱ्यांचं. घराघरातून मागांची खटखट चाले आणि महाराज मठीबाहेरच्या वडाखाली ती ऐकत बसत. “एवढं अखंड नामस्मरण मी दुसऱ्या गावी ऐकलं नाही,” असं हसून म्हणत.

मठीचं अंगण झाडायला कौतिका येई. लहानू विणकराची ही बायको. लहानू मथुराबाईंच्या मागावर बसे आणि कौतिका त्याला धोट्यात घालायच्या रेशमाच्या कांड्या रहाटावर भरून देई. फार वर्षांनी तिला दिवस गेले. महाराजांनी कपाळाला अंगारा लावला. मुलगी झाली, आणि बारशाआधीच गेली.

बाळ गेलं, म्हणून दूध थोडंच जातं? आईच्या अंगाला कोण समजावणार? गल्लीत कुणाचंही तान्हं रडलं, की कौतिकेची चोळी भिजे. मग ती पदर ओढून घेऊन रडत बसे. मथुराबाईंचं परसदार तिच्या भिंतीला लागून होतं. सगळं ऐकू येई.

त्याच दिवसांत मथुराबाईंच्या लेकीची, द्वारकेची, लग्नाची पैठणी घरच्या मागावर लागली. डाळिंबी अंग, पदरावर मोर. गावची रीत अशी, की नवरीच्या वस्त्राच्या कांड्या लेकुरवाळीनंच भरायच्या. कौतिका सवयीनं रहाटापाशी येऊन बसली, तशी मथुराबाईंनी तिच्या हातातून रेशमाची लड काढून घेतली.

“अगं, काही कळतंय का तुला? नवरीचं वस्त्र आहे हे! रिकाम्या ओटीचा हात लावतेस?”

“काकू, मग मी दिवसभर करू तरी काय?”

“जा की मठीत! अंगारा दिला होता ना महाराजांनी? चांगलाच गुण आला!”

बाकीच्या बायका फिसकन हसल्या. कौतिका खाली बघत म्हणाली, “बाळ देतो असं ते नव्हते म्हणले, काकू. ‘मी आहे’ एवढंच म्हणले होते.”

“आहेत की! वडाखाली बसून आहेत!”

मागावरच्या लहानूनं मान वर केली नाही. त्याच्या हातातला धोटा क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. कौतिकेनं तेवढं पाहिलं आणि ती उठून गेली.

त्यानंतर तिचं रडणं बंद झालं. मथुराबाईंना हायसं वाटलं. “सावरली हो पोर,” असं त्या चारचौघींत म्हणाल्याही. पण ती सावरली नव्हती. चूल पेटवी, नवऱ्याला वाढी आणि स्वतः घास हातात धरून तशीच बसून राही. मठीच्या अंगणात पाचोळा साचू लागला.

लग्न तोंडावर आलं. पैठणीचा पदर निम्मा झाला होता. त्या दिवशी भर दुपारी ताण्याचा एक धागा तुटला. लहानूनं सांधला, तर शेजारचा तुटला. तो सांधतोय, तोवर दहा-वीस एकदम गेले. जे रेशीम तोडायला दात लावावे लागत, ते राखेसारखं हाताखाली झडू लागलं!

“त्या कौतिकेचीच दृष्ट!” म्हणत मथुराबाई मठीकडे धावल्या.

“महाराज, माझ्या लेकीच्या वस्त्रावर तिनं काहीतरी केलंय. उतरवा ते!”

महाराज डोळे मिटून बसले होते. उजवी मूठ घट्ट आवळलेली, मनगटाच्या शिरा तटतटलेल्या, कपाळावर घाम. डोळे न उघडताच महाराज म्हणाले, “तिचं रडणं ऐकलंस का आज?”

“नाही… कधीच थांबलंय.”

“मग इथं काय करतेस? बारवेवर जा. मला आता फार वेळ धरवणार नाही.”

महाराजांचं कोणतं बोलणं आपण विसरलो, ते मथुराबाईंना तेव्हा आठवलं. अनवाणीच त्या बारवेकडे पळाल्या.

कौतिका पाण्याच्या वर लोंबकळत होती. बारवेच्या भिंतीतून निघालेल्या उंबराच्या मुळीला तिचा पदर अडकला होता. लुगडं इतकं विरलेलं, की पिळलं तर फाटेल म्हणून ती न पिळताच वाळत घाली. त्या चिंधीनं अख्खं माणूस पेललं होतं. एक धागा तुटला नव्हता!

मथुराबाई पायरीवर पालथ्या पडल्या आणि त्यांनी कौतिकेचा हात दोन्ही हातांनी धरला.

“काकू, सोडा ना मला.”

“नाही सोडत! मेले तरी नाही सोडत! लहानू, अरे धाव रे!”

त्यांना पळताना पाहून मागोमाग निघालेला लहानू आला. दोघांनी तिला वर ओढलं. तिचे पाय दगडाला टेकले मात्र, आणि पदर टर्रकन फाटला.

मठीत महाराजांनी मूठ उघडली. तळहातावर लाल वळ उठला होता, लुगड्याच्या काठाएवढा रुंद. जाणती माणसं म्हणत, डाळिंबी रेशमाचं बळ महाराजांनी तेवढ्या घटकेपुरतं त्या चिंधीत नेऊन ठेवलं होतं.

कौतिकेला धरून दोघं मठीत आली, मागोमाग गाव लोटलं. मथुराबाईंनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. महाराज म्हणाले, “मी नुसतं धरलं. ओढून तू काढलंस. आता हात सुटू देऊ नकोस.” मग मथुराबाई वळल्या आणि सगळ्या गावादेखत त्यांनी कौतिकेच्या चिखलानं भरलेल्या पायांवर डोकं टेकलं. कौतिकेनं त्यांना उठवलं नाही. तेवढं त्राणच तिच्यात नव्हतं.

द्वारका दुसरं लुगडं नेसून बोहल्यावर चढली. बाळ काही परत आलं नाही. कौतिका पुन्हा रडू लागली, आणि मथुराबाई रोज तिच्याशेजारी बसू लागल्या.

वाचणाऱ्या बायांनो, जिचा पाळणा हलला नाही, किंवा हलतोय तरी जी त्याच्याकडे बघत नाही, अशी कुणी तुमच्या माहितीत असेल. तिला फोन करू नका, दार वाजवा. वरणभात करून न्या, आणि तिच्या पोटात चार घास जाईपर्यंत तिथून उठू नका. आजच जा.