येसाजीचा आवा आणि गोदीचा दात

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात येसाजी नावाचा एक कुंभार होता. हातात कसब मोठं, पण धीर म्हणून नाही. चुलीवर भात चढला की हा घडीघडी झाकण उचलून बघणार. पाहुणे यायचे असले की सकाळपासून वेशीपर्यंत खेपा घालणार. चाकावर बसला म्हणजे तेवढा शांत असे, कारण तिथं हातांना काम असे. काम संपून वाट बघायची वेळ आली की त्याच्या पायाला भिंगरी लागलीच.

अशात त्याच्या लेकीचा, गोदीचा, पुढचा दात हलायला लागला. गोदी सहा वर्षांची होती आणि हा तिचा पहिलाच दात. ती घाबरली. आता एकामागून एक सगळेच दात पडणार आणि आपलं शेजारच्या म्हातारीसारखं बोळकं होणार, असं तिला वाटलं. आईनं तिला जवळ घेतलं.

"दुधाचा दात हाय त्यो," आई म्हणाली. "त्याची वेळ झाली की आपसूक हातात यील. तवर बोट लावू नगं, जीभ लावू नगं."

सांगणारीचं काय जातं? हलणाऱ्या दाताकडे जीभ गेल्यावाचून राहते होय? गोदीची जीभ सारखी तिकडेच वळे, बोटंही मागोमाग जात. शेवटी तिनं स्वतःच एक युक्ती काढली. दाताची फार आठवण झाली की ती जमिनीवर बसे, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरी आणि जीभ टाळूला चिकटवून गप्प राही. थोड्या वेळानं दाताचा विसर पडे.

येसाजीला मात्र चैन नव्हती. सकाळी उठला की "बघू, आ कर." दुपारी परत "किती हलतुया, बघू." एक दिवस तो दोराच घेऊन आला. "एक हिसका दिला की झालं," म्हणत त्यानं दाताला दोरा बांधला आणि ओढला. दात आला नाही, हिरडीतून रक्त तेवढं आलं. गोदी रडून रडून झोपली आणि त्या दिवशी तिनं भाकरीला तोंड लावलं नाही. आईनं तो दोरा चुलीत टाकला.

"दात तिचा, अन् घाई तुमाला," ती नवऱ्याला म्हणाली.

त्याच सुमारास अक्षय्य तृतीया जवळ आली. या सणाला घरोघरी नवी घागर पाण्यानं भरून गेलेल्या वाडवडिलांच्या नावानं पुजतात. गावातल्या प्रत्येक घराला येसाजीनं शब्द दिला होता की आधी तुमच्या घागरी, उरतील त्या बाजाराला. त्यानं घागरी घडवल्या, वाळवल्या आणि भाजायला आवा रचला. खाली-वर गोवऱ्या आणि काटक्या, मध्ये घागरी, सगळ्यांवर राखेचं आणि फुटक्या खापरांचं पांघरूण. मग आग दिली. आवा रात्रभर मनासारखा धुमसला. आता तो निवेपर्यंत थांबायचं, एवढंच काम उरलं होतं, आणि येसाजीला नेमकं तेच येत नव्हतं.

सकाळी एक वाटसरू सांगून गेला की पलीकडच्या गावचा कुंभार गाढवं लादून बाजाराला निघालासुद्धा. झालं. येसाजी आव्याभोवती फिरायला लागला. राखेवर हात धरून बघितला, तर चटका बसला. 'वरची राख गरम हाय, आत निवलं असंल,' असं त्यानं आपल्याच मनाला पटवलं. गरम मडक्याला गार वारा लागला की ते तडकतं, हे त्याला काय माहीत नव्हतं? त्याच्या वडिलांनी त्याला सगळ्यात आधी तेच शिकवलं होतं. तरी त्यानं खोरं उचललं आणि एका कोपऱ्यातली राख ओढली. सकाळचा गार वारा आत शिरला.

टण्ण. आतून एक घागर तडकली. पाठोपाठ दुसरी. आता उरलेल्या तरी चटकन बाहेर काढाव्यात, म्हणून येसाजीनं खोरं पुन्हा उगारलं.

गोदी तिथंच बसून एका बाजूनं भाकरी चावत होती. ती बापाकडे बघत होती. तिनं अगदी काळजीनं विचारलं, "आबा, तुमचा बी दात हलतुया का?"

येसाजीचा हात तसाच राहिला. त्याला दोरा आठवला, रक्त आठवलं, आणि मनापासून लाज वाटली. त्यानं ओढलेली राख परत लोटली, खापरं नीट बसवली आणि खोरं लांब ठेवलं.

"हितं बसा," गोदीनं सरकून जागा दिली. "हात असं खाली घाला."

एवढा बाप्या माणूस, पण लेकीशेजारी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. आव्यात जरा खुट्ट झालं की तो अर्धा उठे. गोदी नुसती बघे, की तो परत बसे. ऊन चढलं. बाजार भरला असेल, आता उठलाही असेल, हे सगळं त्याच्या मनात चाललं होतं, पण हात जागेवर होते.

तेवढ्यात दुपारची भाकरी चावता चावता गोदी थांबली. तिनं घासातून काहीतरी काढून बापाच्या तळहातावर ठेवलं. तो दात होता, तांदळाच्या दाण्याएवढा.

"दुखलं का गं?" येसाजीनं विचारलं.

"न्हाई. त्यो आपला आपण आला."

गोदीनं तो दात कौलांवर फेकला आणि उंदीरमामाकडे नवा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी राख गार पडली तेव्हा येसाजीनं आवा उघडला. कोपऱ्यातल्या सगळ्या घागरी चिरल्या होत्या. बाकीच्या लालबुंद आणि खणखणीत निघाल्या. गावातल्या घराघरांत त्या पोचत्या झाल्या, येसाजीचा शब्द खरा ठरला. पण बाजाराला न्यायला एकही उरली नाही, आणि स्वतःच्या घरालाही नाही. सणाच्या दिवशी त्यानं आपल्या वडिलांच्या नावानं भरली ती चिरलेलीच घागर. तिच्यातून पाणी ठिबकत होतं. गोदीनं खाली वाटी ठेवली. ज्यांनी आवा निवू द्यायला शिकवलं, त्यांच्याच वाट्याला गळकी घागर आली, हे येसाजीला फार लागलं.

पुढं काही दिवसांनी त्याला पुन्हा राहवलं नाही. "गोदे, नवा दात आला का, बघू. आ कर."

गोदीनं तोंड उघडलं नाही. तिनं हात मांड्यांखाली घातले आणि बापाकडे बघत राहिली. येसाजी हसला आणि तिच्या शेजारी तसाच हात दाबून बसला.

तात्पर्य: जे आपल्या वेळेनं व्हायचं असतं, ते ओढून लवकर होत नाही, बिघडतं मात्र, म्हणून करायचं तेवढं करून झालं की आपले हात आवरून बसणं, हेही कामच समजावं.