आगळाची नळी

कोकमाचं आगळ हाताने गाळायचे दिवस नुकतेच सरले होते, तेव्हाची गोष्ट. वारंगकाकूंच्या कारखान्यात नळ्या उघडायला-बंद करायला दोन नवे बॉल व्हॉल्व्ह आले, एक पितळेचा आणि एक प्लॅस्टिकचा.

"आगळाची नळी माझी," पितळी व्हॉल्व्ह म्हणाला. "हे हलकं पोर तिथे शोभेल का?"

"शोभायचं नाही, सांभाळायचंय," प्लॅस्टिकचा ताठ्यात म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे यायचे होते. काकूंनी चकाकी पाहून आगळाच्या नळीवर पितळीलाच बसवलं. बाटल्या धुण्याच्या गरम पाण्याची नळी व्हॉल्व्हशिवाय तशीच राहिली.

सकाळी काकूंनी नळीतलं आगळ चाखलं आणि थुंकलं. "अगो बाई, कळकलं! बिनकल्हईच्या पितळेत मी कधी आंबट सार तरी ठेवलंय का?"

त्यांनी नळी धुतली, तिथे प्लॅस्टिकचा बसवला आणि पितळीला उकळत्या पाण्यावर लावलं. पाहुण्यांनी सोलकढी मागून मागून घेतली.

"तिकडे कसं काय?" प्लॅस्टिकच्याने विचारलं.

वाफेत न्हालेला पितळी ऐटीत म्हणाला, "उकळतंय. तुला झेपायचं नाही."

"ठाऊक आहे," प्लॅस्टिकचा त्याहून ऐटीत म्हणाला. "आणि इथे आंबट आहे."